ना फौज, ना कोर्ट: अमेरिकेतल्या गावोगावच्या कमिट्या चालायच्या कशा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाआधी तिथल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये गावोगावी ज्या कमिट्या निघाल्या, त्या नेमकं काय करत? त्यांच्याकडे पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, तुरुंग नव्हता. मग मोठमोठे व्यापारी त्यांना माफीनामे का लिहून देत? आणि 'करस्पॉन्डन्स', 'इन्स्पेक्शन', 'सेफ्टी' ही एकाच कमिटीची नावं आहेत का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे गोंधळ झाला की पुढचं सगळं गढूळ होतं. ही एकच कमिटी नव्हे. गावाच्या सभेने निवडलेली पत्रव्यवहार समिती १७७२ च्या अखेरीस बोस्टनला सुरू झाली. वसाहतीच्या विधानसभेने नेमलेली पत्रव्यवहार समिती हा वेगळा प्रकार, तो १७७३ मध्ये व्हर्जिनियातून आला. ब्रिटिश मालाच्या बहिष्कारावर देखरेख करणाऱ्या निरीक्षण समित्या १७७४ च्या हिवाळ्यात उभ्या राहिल्या. 'कमिटी ऑफ सेफ्टी' म्हणजे सुरक्षा समिती. तिच्या हाती मिलिशिया (गावकऱ्यांची फौज), दारूगोळा आणि पुढे जवळजवळ सगळा राज्यकारभार आला. माणसं पुष्कळदा तीच असत आणि एकच कमिटी दोन-तीन कामं करी, म्हणून नावं एकमेकांत मिसळलेली दिसतात. कुठल्याही कमिटीचं इतिवृत्त वाचायला घेतलंत तर आधी एवढंच बघा: तिला निवडलं कोणी? गावाने, विधानसभेने की प्रांतिक परिषदेने (गावांच्या प्रतिनिधींनी सरकारला डावलून भरवलेल्या सभेने)? तिचे अधिकार कुठून आले ते तिथेच कळतं.

आता बोस्टन. कारण पगाराचं होतं. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला आणि वरिष्ठ न्यायाधीशांना तोवर लोकांनी निवडलेली विधानसभा पगार मंजूर करी. १७७२ मध्ये बातमी आली की न्यायाधीशांचे पगारही आता राजा देणार, तेही वसाहतीतूनच गोळा केलेल्या जकातीच्या पैशातून. न्यायाधीशावरचा लोकांचा उरलासुरला वचक गेला. बोस्टनच्या गावसभेने गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांच्याकडे खुलासा मागितला. हे गावसभेचं काम नव्हे, असं उत्तर आलं. तेव्हा २ नोव्हेंबर १७७२ रोजी सॅम्युएल ॲडम्सच्या सूचनेवरून गावसभेने २१ जणांची समिती नेमली, अध्यक्ष जेम्स ओटिस. कामाची वाटणी चोख होती. वसाहतवाल्यांचे हक्क कोणते, हा मसुदा ॲडम्सने केला. त्या हक्कांवर कुठे कुठे घाला पडला याची यादी डॉक्टर जोसेफ वॉरेनने. इतर गावांना पाठवायचं पत्र डॉक्टर बेंजामिन चर्चने. २० नोव्हेंबरला गावसभेने तिन्ही मंजूर केले आणि त्यांच्या ६०० प्रती छापल्या.

त्या पत्रातली खुबी नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी यंत्रणा तिच्यावर उभी आहे. बोस्टनने इतर गावांकडे पाठिंबा मागितला नाही. तुमची गावसभा बोलवा, हे वाचा आणि तुमचं मत तुमच्या शब्दांत कळवा, एवढंच मागितलं. मॅसॅच्युसेट्समध्ये गावसभा उठसूट भरत नसे. गावचे निवडून दिलेले कारभारी विषय लिहून नोटीस काढत आणि त्या नोटिशीत असेल त्याचाच ठराव होई. त्यामुळे बोस्टनचं पत्र आलं की आधी ते विषयपत्रिकेवर घ्यायचं, मग वाचायचं, उत्तराचा मसुदा करायला गावातले पाच-सात जण नेमायचे, पुढच्या बैठकीत तो मतास टाकायचा, गावच्या कारकुनाने वहीत उतरवायचा आणि सही करून बोस्टनला पाठवायचा. एवढं झालं की मत एखाद्या वकिलाचं राहत नाही, गावाचं होतं. शिवाय मसुदा करायला बसवलेले पाच-सात जण त्या गावची कमिटी म्हणून कायम राहत. प्रांतात त्या वेळी सुमारे २६० गावं होती. काही महिन्यांत शंभराहून अधिक गावांची उत्तरं आली, त्यातली कित्येक वर्तमानपत्रांत छापली गेली. डोंगराकडच्या एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याला आपल्या गावाचा ठराव बोस्टनच्या पेपरात वाचायला मिळाला, तर त्याचा शेजारच्या गावावर काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको.

हचिन्सनने आधी हा प्रकार हसण्यावारी नेला होता. मग जानेवारी १७७३ मध्ये त्यानेच विधानसभेसमोर भाषण केलं: पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचं पूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची ते मला दिसत नाही. त्याला वाटलं लोक घाबरून मागे येतील. झालं उलटंच. जो विषय गावांच्या ठरावांत अडखळत चालला होता, तो गव्हर्नरनेच विधानसभेच्या पटावर आणून ठेवला.

व्हर्जिनियाचं थोडक्यात सांगतो. १७७२ च्या जूनमध्ये ऱ्होड आयलंडजवळ गाळात रुतलेलं 'गॅस्पी' हे जकातीचं गस्ती जहाज लोकांनी जाळलं. चौकशी आयोग आला आणि आरोपींना खटल्यासाठी इंग्लंडला नेणार अशी बातमी पसरली. त्यावर १२ मार्च १७७३ रोजी व्हर्जिनियाच्या विधानसभेने ११ सदस्यांची समिती नेमली. पॅट्रिक हेन्री, रिचर्ड हेन्री ली, टॉमस जेफरसन तिच्यात होते. इतर वसाहतींनीही तसंच करावं असं त्यांनी कळवलं आणि बहुतेकींनी वर्षभरात केलं. गावांचं जाळं एका वसाहतीच्या आत विणलेलं होतं. हे जाळं वसाहतींना एकमेकींशी बांधणारं होतं.

पत्रं जायची कशी? टपाल सरकारी होतं आणि सरकारी टपालात पत्र फुटण्याची भीती कायम. म्हणून महत्त्वाचा कागद खास स्वाराबरोबर जाई. पॉल रिव्हियर आज ब्रिटिश फौज निघाल्याची खबर देत केलेल्या एका रात्रीच्या दौडीसाठी ओळखला जातो, पण त्याआधी दीड वर्ष तो बोस्टनच्या कमिटीचे कागद घेऊन न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या फेऱ्या करत होता. १७७४ मध्ये विल्यम गॉडर्ड या मुद्रकाने कमिट्यांच्या मदतीने समांतर टपाल उभं केलं: गावाची कमिटी टपालमास्तर नेमणार, लोक वर्गणी भरणार, स्वार ठरावीक वारी निघणार. जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या संयुक्त सभेने, स्वतःचं टपाल खातं सुरू केलं आणि बेंजामिन फ्रँकलिनला त्याचा प्रमुख नेमलं, तेव्हा खालची चाकं आधीच फिरत होती.

चहाचं प्रकरण, म्हणजे जकात लावलेला चहा बोस्टनच्या लोकांनी समुद्रात फेकला ते, सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यातला कमिट्यांचा भाग तेवढा सांगतो. 'डार्टमथ' हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबर १७७३ ला बोस्टनला लागलं. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. जप्त झालेला चहा सरकारी अधिकारीच विकणार, म्हणजे जकात वसूल झाल्यासारखीच. म्हणून १६ डिसेंबर ही शेवटची रात्र ठरली. तोवर बोस्टनच्या कमिटीने रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, ब्रुकलाइन, केंब्रिज या शेजारच्या कमिट्यांना बरोबर घेतलं होतं, जहाजावर रात्रंदिवस पहारा ठेवला होता आणि चहा आला तसा परत पाठवण्याचे सगळे रस्ते गव्हर्नरपर्यंत जाऊन चाचपले होते. ते बंद झाल्यावर ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. हा चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. कर्जात बुडालेल्या कंपनीला सावरण्यासाठीच तो स्वस्त करून तिकडे धाडला होता. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १७७४ मध्ये, याच कंपनीच्या मुंबईच्या फौजेने मराठ्यांचा ठाण्याचा किल्ला घेतला. आपल्याकडे आणि तिकडे शत्रू एकाच सहीचा होता, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावं.

शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद झालं. इथे कमिटीकडून एक मोठी चूक झाली आणि ती मला यशाइतकीच महत्त्वाची वाटते. बोस्टनच्या कमिटीने जूनमध्ये 'सॉलेम लीग अँड कव्हेनंट' नावाचं प्रतिज्ञापत्र गावोगावी पाठवलं: ऑगस्टअखेरनंतर आलेला ब्रिटिश माल घेणार नाही आणि जो सही करणार नाही त्याच्याशी व्यवहार ठेवणार नाही. पण हे आधी गावसभेपुढे मांडलंच नाही. व्यापाऱ्यांची मागणीपत्रं इंग्लंडला कधीच गेली होती, माल समुद्रात होता; ऑगस्टची मुदत म्हणजे दिवाळं. २७ जूनला गावसभेत कमिटीवर ठपका ठेवून ती बरखास्त करण्याचा ठराव आला. तो पडला खरा, पण व्यापारी आणि कमिटी यांच्यात तडा गेला तो गेलाच. प्रतिज्ञापत्रही थोड्याच गावांत चाललं. बऱ्याच गावांनी सांगितलं की सगळ्या वसाहतींनी एकत्र ठरवलं तर आम्ही आहोत.

ते एकत्र ठरलं फिलाडेल्फियाला. पहिली काँटिनेंटल काँग्रेस ५ सप्टेंबर ते २६ ऑक्टोबर १७७४ भरली, जॉर्जिया सोडून बारा वसाहती आल्या आणि २० ऑक्टोबरला १४ कलमांचा 'असोसिएशन' नावाचा करार झाला. त्याच्या तारखा बघा, सगळा व्यवहारीपणा तिथे आहे. आयात बंद १ डिसेंबर १७७४ पासून, म्हणजे वाटेतला माल पोचायला मुदत. ब्रिटिश मालाचा वापर बंद १ मार्च १७७५ पासून. निर्यात बंद थेट १० सप्टेंबर १७७५ पासून, कारण व्हर्जिनियाच्या जमीनदारांचा हातातला तंबाखू विकला गेल्याशिवाय ते तयार नव्हते. दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी तांदळावरून उठून गेले, तेव्हा युरोपला जाणारा तांदूळ सोडावा लागला. त्याची झळ पुढे त्यांच्याच प्रांताला लागली: निळीचे बागायतदार विचारू लागले की भाताला सूट आणि आम्हाला का नाही?

अकरावं कलम म्हणजे या यंत्रणेचा कणा. प्रत्येक काउंटी, शहर आणि गावात कमिटी निवडायची. मतदार तेच, जे विधानसभेसाठी मत देतात. काम एकच, करार कोण पाळतो आणि कोण मोडतो यावर लक्ष. बहुमताने खात्री पटली की खरी हकीकत वर्तमानपत्रात छापायची आणि मग त्या माणसाशी सगळे व्यवहार तोडायचे. मराठीत याला नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. फरक इतकाच की इथे तक्रार, सुनावणी, मतदान आणि छापील नोटीस हा क्रम ठरलेला होता. एका अंदाजानुसार सुमारे सात हजार माणसं या कमिट्यांवर बसली.

मालाचं काय करायचं ते दहाव्या कलमात आहे. १ डिसेंबर ते १ फेब्रुवारी या काळात आलेल्या मालाच्या मालकाला तीन पर्याय: माल परत पाठवा, कमिटीच्या ताब्यात द्या, करार संपेपर्यंत तो गोदामात राहील, जोखीम तुमची, नाहीतर कमिटीच्या देखरेखीखाली विका. विक्री झाली की मालकाला खरेदी किंमत आणि खर्च परत, वरचा नफा बोस्टनच्या गरिबांना. समजा १०० पौंडांचा माल, भाडं वगैरे ६ पौंड आणि लिलावात ११० आले. तर १०६ मालकाचे, ४ बोस्टनचे. यासाठी मूळ बीजक बघायलाच हवं, म्हणून कमिटी पहिल्यांदा कागद मागे. गोम अशी की अनेकदा मालक स्वतःच बोली लावून, खर्चाच्या जेमतेम वर जाऊन, आपला माल सोडवून घेई. मदतनिधीत फार भर पडत नसे. तरी कमिट्यांनी हे चालू दिलं आणि मला ते शहाणपणाचं वाटतं: व्यापाऱ्याने कमिटीपुढे बीजक ठेवलं, तिच्या हाताखाली लिलाव मान्य केला, म्हणजे तिचा अधिकार मान्य केला.

१ फेब्रुवारीनंतर आलेला माल मात्र गठ्ठा न फोडता परत. 'न फोडता' यावर भर होता, कारण एकदा गठ्ठा फुटून कापड दुकानात गेलं की जुनं कुठलं आणि नवं कुठलं कोण सांगणार? जहाजांची माहिती मिळवायला बाराव्या कलमाने सोय केली होती: पत्रव्यवहार समित्यांनी कस्टम हाउसमधल्या नोंदी वरचेवर तपासायच्या आणि एकमेकींना कळवायच्या. राजाच्याच दप्तरावरून राजाच्या मालाचा बहिष्कार राबवला गेला.

हे फसतं कुठे, त्याची दोन उदाहरणं. न्यूयॉर्कला फेब्रुवारी १७७५ मध्ये 'ब्यूला' जहाज मुदतीनंतर आलं. मालक मरे बंधू, शहरातले बडे व्यापारी. त्यांनी माल परत पाठवायचं कबूल केलं, जहाज बंदराबाहेर गेलं आणि सँडी हुकजवळ रेंगाळलं. तिथून छोट्या बोटीने काही माल गुपचूप एलिझाबेथटाउनच्या बाजूला उतरवला. न्यूयॉर्कच्या कमिटीची नजर आपल्या धक्क्यावर. पण पलीकडचा किनारा न्यू जर्सीचा. तिथल्या कमिटीने चौकशी लावली तेव्हा बिंग फुटलं. मरे बंधूंनी कबुली दिली, माल हवाली केला आणि शहरातल्या नुकत्याच जळालेल्या इस्पितळासाठी २०० पौंड देऊ केले. एकट्या गावाची कमिटी अपुरी पडते, शेजारची जागी असावी लागते, हे यातून सगळ्यांना कळलं. याच भीतीने एलिझाबेथटाउनने कमिटी न निवडलेल्या स्टेटन आयलंडशी व्यवहारच बंद केला होता.

दुसरं दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनचं. मार्च १७७५ मध्ये इंग्लंडहून परतलेल्या एका कुटुंबाने आपले घोडे आणि घरसामान आणलं. हा विक्रीचा माल नव्हे, घरचा आहे, असं म्हणून कमिटीने आधी उतरवायला परवानगी दिली. शहर खवळलं. मोठ्या घरासाठी नियम वाकतो, मग आम्ही का पाळायचा? पुन्हा मतदान झालं आणि ३५ विरुद्ध ३४ मतांनी घोडे नाकारले. कायद्याच्या काटेकोर अर्थाने पहिला निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. पण ज्या कमिटीकडे लोकांच्या विश्वासाशिवाय दुसरं काही नाही, तिला सवलत देणं परवडत नव्हतं. महिनाभर आधी त्याच बंदरात 'चार्मिंग सॅली' जहाजावरचं मीठ, कोळसा आणि कौलं खाडीत फेकून दिली होती; त्या मालकाला काय सांगणार होते?

दोषी ठरवण्याची पद्धत साधारण अशी असे. तक्रार येई; दोन-तीन जणांची उपसमिती माणसाकडे जाई; त्याला तारीख देऊन बोलावलं जाई; पत्रांची वही, बीजकं, दुकानाचा हिशेब मागितला जाई; मग मतदान. बहुतेक प्रकरणं इथेच मिटत, कारण माणूस माफीनामा लिहून देई आणि तो पेपरात छापून येई. हट्ट केला तर नाव छापलं जाई. व्हर्जिनियात नॉरफोकच्या कमिटीने मार्च १७७५ मध्ये जॉन ब्राउन या व्यापाऱ्याचं नाव असंच जाहीर केलं. त्याने जमैकाहून गुलाम आणवले होते आणि कराराच्या दुसऱ्या कलमाने गुलामांची आयात बंद झाली होती. नाव छापल्यावर काय होतं? गिरणीवाला दळण घेत नाही, लोहार नाल मारत नाही, होडीवाला पलीकडे नेत नाही, येणं असलेला पैसा कोणी आणून देत नाही. छोट्या गावात यापेक्षा तुरुंग बरा.

किमतींचं काम सगळ्यात चिकट होतं. नवव्या कलमाने सांगितलं की टंचाईचा फायदा घेऊन भाव वाढवायचा नाही, गेल्या बारा महिन्यांचा भाव धरायचा. म्हणजे कमिटीला वर्षभराच्या जुन्या दुकानवह्या बघाव्या लागत. कापडाला हे जमतं. मीठ आणि बंदुकीची दारू यांना जमत नाही, कारण जुन्या भावाने कोणी आणतच नाही आणि माल आतल्या खोलीत जातो. युद्ध लांबलं तेव्हा भावनियंत्रण याच कारणाने वारंवार कोसळलं. १७७९ मध्ये फिलाडेल्फियात त्यावरून गोळीबारापर्यंत मजल गेली. आठव्या कलमाने घोड्यांच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, जुगार, नाटकं यांनाही आवर घातला. दुखवट्याला पुरुषाने दंडाला किंवा टोपीला काळी फीत लावायची, बाईने काळी फीत आणि गळ्यात काळी माळ घालायची, अंत्ययात्रेत हातमोजे वाटायचे नाहीत. क्षुल्लक वाटतं, पण ते हातमोजे आणि दुखवट्याचं कापड इंग्लंडहून येई.

आता काळी बाजू. कमिट्यांवर बसले ते मताधिकार असलेले गोरे पुरुष. चहा सोडण्याचा आणि घरी सूत काढण्याचा भार ज्यांच्यावर पडला त्या बायकांना मत नव्हतं. उत्तर कॅरोलिनात ईडंटनच्या ५१ स्त्रियांनी ऑक्टोबर १७७४ मध्ये आपल्या सह्यांचा वेगळा कागद काढला, तो म्हणूनच उठून दिसतो. विरोधी मत दडपलं गेलं. व्हर्जिनियाच्या ऑरेंज काउंटीत कमिटीने एका पाद्र्याकडची राजनिष्ठ पत्रकं ताब्यात घेऊन जाहीरपणे जाळली. न्यूयॉर्कच्या भागातला पाद्री सॅम्युएल सीबरी लिहीत होता की गुलामच व्हायचं तर निदान राजाचा होईन, या उपटसुंभ कमिटीवाल्यांचा नाही. त्याचा राग पोकळ नव्हता. शिवाय कमिटी आणि जमाव यांच्यातली भिंत पातळ होती. मेरिलँडमध्ये ॲनापोलिसला ऑक्टोबर १७७४ मध्ये 'पेगी स्टुअर्ट' जहाजावरच्या २,३२० पौंड वजनाच्या चहाची जकात मालकाने भरल्याचं उघड झालं. चहा जाळा आणि माफी मागा, इथवर कमिटी समाधानी होती. जमलेल्या लोकांना तेवढं पुरेना. शेवटी १९ ऑक्टोबरला जहाजमालक अँथनी स्टुअर्टने स्वतःच्या हाताने स्वतःचं जहाज पेटवलं. ज्या कमिटीला आपला निर्णय अंगणातल्या गर्दीकडून पाळून घेता येत नाही, तिने निवाडा केला असं म्हणताच येत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये १७७४ च्या उन्हाळ्यात राजाने नेमलेली कोर्टंच बंद पाडली गेली. वूस्टरला ६ सप्टेंबरला ३७ गावांतून ४,६२२ माणसं शिस्तीत, तुकड्या करून आली. न्यायाधीश आणि अधिकारी टोप्या काढून त्यांच्या रांगांमधून राजीनामा पुन्हा पुन्हा वाचत चालले. इतकी माणसं एका दिवशी एका गावात आणणं हे कमिट्यांचं काम. ऑक्टोबरमध्ये प्रांतिक परिषद बसली, तिने सुरक्षा समिती नेमली आणि तिला मिलिशिया बोलावण्याचा अधिकार दिला. गावांना सांगितलं की गोळा केलेला कर सरकारी खजिनदाराकडे भरू नका, स्टो गावच्या हेन्री गार्डनरकडे भरा. खरेदीची यादी मोठी होती: बंदुकीच्या दारूची १,००० पिंपं, संगिनीसह ५,००० बंदुका, बंदुकीत ठिणगी पाडायच्या ७५,००० गारगोट्या. पिंपं शेतकऱ्यांच्या कोठारांत, कॉनकॉर्डसारख्या गावी लपवली गेली. आणि १९ एप्रिल १७७५ ला ब्रिटिश फौज तीच शोधत निघाली. गुपित फुटायला घरभेदी होतेच: बोस्टनचं पहिलं पत्र लिहिणारा डॉक्टर चर्च सुरक्षा समितीवर बसून शत्रूला बातम्या पुरवत होता, हे त्या वर्षाच्या शरदात उघडकीला आलं.

यंत्रणा किती मुरली होती हे बघायचं असेल तर १९ एप्रिलचा, म्हणजे युद्ध पेटलं त्या दिवशीचा, एक कागद बघा. बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास वॉटरटाउनहून सुरक्षा समितीच्या जोसेफ पामरने चार ओळी लिहिल्या: पहाटेआधी सुमारे हजार-बाराशेची फौज उतरून लेक्सिंग्टनला गेली, आपल्या तुकडीवर गोळ्या झाडल्या, सहा ठार, चार जखमी. (प्रत्यक्षात आठ ठार झाले होते, घाईत लिहिलेला कागद आहे.) पत्र नेणारा बिसेल कनेक्टिकटपर्यंत बातमी देईल, त्याला ताजे घोडे द्या, एवढंच खाली. प्रत्येक गावी कमिटी कागद घेई, नक्कल करी, 'मूळ प्रतीबरहुकूम' असं लिहून सही आणि वेळ टाकी आणि पुढच्या स्वाराला देई. ते शेरे वाचताना घोड्याच्या टापा ऐकू येतात. नॉर्विच, गुरुवार, चार वाजता. न्यू लंडन, संध्याकाळी सात. लाइम, शुक्रवार पहाटे एक. मध्ये कनेक्टिकट नदी, रात्रीची. पलीकडे सेब्रुक, चार वाजता. किलिंगवर्थ सात, ईस्ट गिलफर्ड आठ, गिलफर्ड दहा, ब्रॅनफर्ड बारा. न्यूयॉर्कला रविवारी, २३ तारखेला दुपारी. फिलाडेल्फियाला दुसऱ्या दिवशी. एकाच स्वाराने हा सगळा पल्ला तोडला अशी दंतकथा आहे, ती सोडून द्या. पहाटे एक वाजता लाइममध्ये कोणीतरी जागा होता, त्याच्याकडे शाई होती, कागद होता, पुढचा घोडा तयार होता. अडीच वर्षं ठराव आणि पत्रं लिहून कमिट्यांनी हेच कमावलं होतं.

पुढे १७७६ मध्ये ब्रिटिश फौजेला विरोध करण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या घ्यायला कागद घरोघर फिरले. न्यू हॅम्पशरच्या आकड्यांत ८,१९९ जणांनी सही केली, ७७३ जणांनी नकार दिला. नाकारणाऱ्यांची हत्यारं काढून घेण्यापासून गाव सोडायला लावण्यापर्यंत सगळं कमिट्यांनीच केलं. राज्यघटना होऊन कोर्टं परत उभी राहिली, तशी ती कामं हळूहळू त्यांच्याकडून गेली.

मुळातून वाचायचं असेल तर बोस्टनच्या कमिटीची इतिवृत्तं आणि गावांची उत्तरं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. सुरुवात छोट्या गावांच्या उत्तरांपासून करा, आणि बोस्टनच्या पत्रात नसलेलं काय त्या गावाने स्वतःहून लिहिलंय, ते शोधा.